अॅडोबीचं सॉफ्टवेअर आता भाड्यानेच का? छापखाने, डीटीपीवाले आणि छोट्या प्रकाशकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी अंकांची गडबड संपली, बिलं वसूल व्हायला लागली, की ओळखीच्या डीटीपीवाल्यांचे, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवून देणाऱ्यांचे, फोन सुरू होतात. "रिन्यूअलचा मेल आलाय, भरू का?" हा एक प्रश्न आणि त्याच्या शेपटीला आणखी दहा. दरवर्षी तेच सांगून कंटाळा आला, म्हणून इथे एकदाच सगळं लिहून ठेवतो. उदाहरण फोटोशॉप आणि पानं मांडायचं इनडिझाइन बनवणाऱ्या अॅडोबीचं घेतलंय, कारण आपल्या धंद्यात रोज त्याच्याशी गाठ पडते. बाकीच्या कंपन्यांबद्दल पुढे थोडक्यात आहे.

पूर्वी फोटोशॉप, इनडिझाइन डबा घेऊन विकत मिळायचं. ते बंद नेमकं कधी झालं?

६ मे २०१३. लॉस एंजेलिसला कंपनीची 'मॅक्स' परिषद भरली होती, तिथे जाहीर झालं की 'क्रिएटिव्ह सूट'ची (या सॉफ्टवेअरांच्या डब्यातल्या संचाची, थोडक्यात 'सीएस'ची) नवी आवृत्ती आता येणार नाही. २०१२ मध्ये आलेला सीएस६ हा शेवटचा. त्यापुढचं सगळं 'क्रिएटिव्ह क्लाउड' या नावाखाली, महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्याने. क्लाउड त्याच्या आदल्या वर्षीपासून होताच, पण तोवर दोन्ही रस्ते खुले होते. त्या दिवशी एक बंद झाला. सीएस६ मात्र मागेल त्याला पुढे काही वर्षं मिळत राहिला. जानेवारी २०१७ मध्ये त्याचीही विक्री थांबली.

म्हणजे त्याआधी घेतलेलं सॉफ्टवेअर माझ्या मालकीचं होतं ना?

नाही. ते कधीच तुमच्या मालकीचं नव्हतं. पैसे देऊन तुम्ही घेतला तो वापरण्याचा परवाना, मुदत नसलेला. 'आय अॅग्री'वर क्लिक करताना समोर जी लांबलचक सूचना असते, तिच्यात हेच लिहिलेलं असायचं.

मुंबईकरांना हे लगेच कळतं. जुना परवाना म्हणजे पागडीची खोली: एकदा मोठी रक्कम मोजली की पिढ्यान्‌पिढ्या राहा, पण सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव मालकाचंच. नवी पद्धत म्हणजे ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार. पागडीवाल्याला घराबाहेर काढणं मालकाला जड जातं, ११ महिन्यांवाल्याला काढावंच लागत नाही, करार आपोआप संपतो.

आणि पागडीची इमारतही कधीतरी पडतेच. २००५ साली आलेल्या सीएस२ चं उदाहरण घ्या. इन्स्टॉल केल्यावर ते इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारायचं, 'हा परवाना खरा का?' २०१३ च्या जानेवारीपर्यंत कंपनीने तो सर्व्हरच बंद केला. ज्यांनी रीतसर पैसे मोजले होते ते अडकू नयेत म्हणून विचारपूस न करणारी प्रत आणि सिरियल नंबर वेबसाइटवर ठेवले. जगभर बोंब झाली की फोटोशॉप फुकट मिळतंय! फुकट नव्हतं, जुन्या गिऱ्हाइकांसाठी होतं, पण कोण ऐकतो. पुढे सीएस३ आणि सीएस४ चे सर्व्हरही गेले. त्या दोन्हींची मूळ डिस्क आज तुमच्या हातात असली तरी नव्याने इन्स्टॉल होत नाही. कायमचा परवाना, कायमचाच. फक्त दार उघडणारा माणूस निघून गेला.

या बाबतीत आपल्याकडच्या श्रीलिपी या मराठी फॉन्टांच्या सॉफ्टवेअरचं 'लॉक' जास्त सरळ होतं. कॉम्प्युटरच्या मागे खोचायची ती वस्तू होती. ती हातात असेपर्यंत कोणाला विचारायला नको. हरवली की मात्र ऑपरेटरसकट सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

कंपनीला असं करावंसं का वाटलं? निव्वळ हाव?

हाव होतीच, पण भीतीही होती. डब्याच्या धंद्यात पैसा लाटेसारखा येतो. नवी आवृत्ती आली की वर्षभर जोर, मग गिऱ्हाईक म्हणतं 'यंदा नको, पुढची घेऊ.' २००८ च्या मंदीत नेमकं हेच झालं. कंपनीचं वार्षिक उत्पन्न २००८ मधल्या ३.५८ अब्ज डॉलरवरून २००९ मध्ये २.९५ अब्जांवर आलं. डिझाइन स्टुडिओंनी हात आखडला आणि जुन्या आवृत्तीवर काम भागवलं. त्यांचं काही अडलं नाही. कंपनीचं अडलं. भाड्यात गिऱ्हाइकाला 'यंदा नको' म्हणायची सोय राहत नाही.

बदलाची किंमत कंपनीनेही मोजली, हे मान्य करायला हवं. डब्याचे पैसे एकदम येतात, भाडं महिन्या-महिन्याने ठिबकतं. २०१२ मध्ये निव्वळ नफा ८३ कोटी डॉलरच्या घरात होता, २०१३ मध्ये तो २९ कोटींवर आला. उत्पन्नही ४.४० अब्जांवरून ४.०६ अब्जांवर उतरलं. दोन वर्षं पोटाला चिमटा काढला आणि मग? २०२३ मध्ये उत्पन्न १९.४१ अब्ज डॉलर. दहा वर्षांत पावणेपाच पटींच्या आसपास. ही वाढ बघितल्यावर बाकीच्या कंपन्या त्याच वाटेने का धावल्या हे वेगळं सांगायला नको. या सगळ्या काळात कंपनीच्या प्रमुखपदी आपल्या हैदराबादचे शंतनू नारायण होते, डिसेंबर २००७ पासून.

चोरीच्या प्रती कमी व्हाव्यात हेही एक कारण सांगितलं जातं. आपल्या गल्लीत तो हेतू कितपत साधला, ते खाली येईलच.

लोकांनी ते मुकाट ऐकून घेतलं का?

नाही. ऑनलाइन अर्जावर ३० हजारांहून जास्त सह्या झाल्या. सर्वांत जास्त चिडले ते फोटोग्राफर, कारण त्यांना एकटं फोटोशॉप हवं होतं आणि दर पाच-सहा वर्षांनी अपग्रेड केलं तरी त्यांचं भागायचं. कंपनी मूळ निर्णयावरून हटली नाही, पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फोटोशॉप आणि लाइटरूम मिळून महिना ९.९९ डॉलरची वेगळी योजना आणली. आरडाओरडा केला तर दर हलतो, धोरण हलत नाही, हा धडा तेव्हा मिळाला.

मग भाडं महाग की स्वस्त? एकदाच काय ते सांगा.

तुम्ही कोण यावर आहे. मी २०१३ च्या सुमाराचे अमेरिकेतले दर घेतो. आपल्याकडचे रुपयातले दर वेगळे आणि सतत बदलणारे, पण हिशेबाची रीत तीच.

एकटं फोटोशॉप सीएस६ नवं घेतलं तर ६९९ डॉलर. जुनं असेल तर अपग्रेड १९९. भाड्याने तेच एक सॉफ्टवेअर महिना १९.९९, म्हणजे वर्षाला साधारण २४०. आता दहा वर्षांचा विचार करा. एकदा घेऊन दर दोन वर्षांनी इमानदारीत अपग्रेड करणाऱ्याचे दीड हजाराच्या आत गेले असते. भाडेकऱ्याचे २,४००. आणि जो डबा घेऊन दहा वर्षं हललाच नाही, त्याचे फक्त ६९९. आपल्याकडचे छापखानेवाले बहुतेक या तिसऱ्या जातीचे. म्हणूनच आपल्याला ही पद्धत सर्वांत जास्त टोचते.

उलट बाजूही आहे. सगळी सॉफ्टवेअरं असलेला 'मास्टर कलेक्शन' २,५९९ डॉलरला होता. भाड्याने तीच सगळी महिना ४९.९९. चार वर्षं आणि वर चार महिने झाल्यावर दोन्हींची बरोबरी. एखादा मुलगा शिकून नवा स्टुडिओ टाकतोय, त्याच्याकडे एकरकमी भांडवल नाही, त्याला भाडं परवडतं. तीन महिन्यांचं मोठं काम आलं, तीन महिने घेतलं, सोडून दिलं, तरीही परवडतं. (फक्त योजना कोणती निवडता ते बघा. दंडाबद्दलचा प्रश्न पुढे आहे.)

भाडं भरणं थांबवलं तर माझ्या फाइलींचं काय होतं?

पैशांपेक्षा हा प्रश्न आधी विचारायला हवा. शंभरातले नव्वद लोक तो रिन्यूअल चुकल्यावर विचारतात.

फाइली तुमच्याच कॉम्प्युटरवर असतात, त्या कोणी नेत नाही. पण इनडिझाइनची फाइल इनडिझाइनशिवाय नीट उघडत नाही, आणि इनडिझाइन भाडं भरल्याशिवाय उघडत नाही. पुस्तक तुमचं, कपाट तुमचं, किल्ली त्यांच्याकडे. भाड्याच्या घरातून निघताना निदान सामान टेम्पोत टाकून नेता येतं.

म्हणून काम संपलं की प्रत्येक पुस्तकाचा 'टेम्पो' त्याच दिवशी भरून ठेवायचा. माझी रीत अशी. इनडिझाइनच्या मूळ फाइलीबरोबर आयडीएमएल प्रतही (जुन्या आवृत्तीतही उघडणारा फाइलीचा प्रकार) काढायची. हा प्रकार सीएस४ पासून आहे, त्यामुळे आज भाड्याच्या इनडिझाइनमध्ये केलेलं काम उद्या जुन्या सीएस६ मध्येही उघडता येतं. नव्या आवृत्तीतल्या काही करामती गळतात आणि मजकूर थोडा सरकतो. थोडा म्हणजे किती? एका ओळीतला एक शब्द खाली गेला की परिच्छेद वाढतो, परिच्छेद वाढला की पान, आणि २४० पानांचं पुस्तक २४३ चं होतं. फर्मा, म्हणजे एका कागदावर एकत्र छापायच्या पानांचा हिशेब, बिघडला. त्यामुळे आयडीएमएल मजकूर वाचवतं, पानं वाचवत नाही. पानांसाठी छपाईची पीडीएफ हवीच, फॉन्ट आत घातलेली आणि चित्रं पूर्ण रिझोल्यूशनची. पुनर्मुद्रण जसंच्या तसं करायचं असेल तर तीच कामी येते. तिसरी गोष्ट म्हणजे नुसता मजकूर, युनिकोडमध्ये (अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी पद्धत), साध्या टेक्स्ट फाइलीत. पुढच्या वीस वर्षांत काय येईल काय जाईल, साधी टेक्स्ट फाइल उघडणारं काहीतरी असेलच. फॉन्ट आणि जोडलेली चित्रं 'पॅकेज' करून त्याच फोल्डरात.

फोटोशॉपच्या फाइलीला जास्त धोका नाही. ती फाइल, म्हणजे पीएसडी, उघडणारी बरीच सॉफ्टवेअरं आहेत. सेव्ह करताना 'मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू ठेवा. इलस्ट्रेटरवाल्यांनी 'पीडीएफ कम्पॅटिबल' ही खूण काढू नका, आणि महत्त्वाचे लोगो जुन्या आवृत्तीतही सेव्ह करून ठेवा.

एका प्रकाशकाकडे मी बघितलंय, पंधरा वर्षांच्या फाइली व्यवस्थित नावं देऊन ठेवलेल्या, पण पीडीएफ एकाही पुस्तकाची नाही. "प्रेसला गेली ना, मग आपल्याला कशाला?" प्रेस बदलली, ऑपरेटर गेला, पुस्तकाला मागणी आली. शेवटी छापील प्रत सुटी करून स्कॅन केली.

पेजमेकरमधल्या जुन्या फाइलींचं काय?

इथे एक गंमत आहे. म्हणजे आपल्यासाठी गंमत नाही. इनडिझाइनच्या आधीचं पानं मांडायचं सॉफ्टवेअर म्हणजे पेजमेकर. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. पण पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत ती अजून चालते, हे तुम्हाला माहीत आहेच. पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली थेट उघडू शकणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती कोणती? सीएस६. भाड्याच्या इनडिझाइनमधून ही सोय गेली. विकत मिळालेली शेवटची आवृत्ती हीच जुन्या कामाकडे जाणारा शेवटचा पूल ठरली.

तेव्हा कोणाकडे खरा सीएस६ असेल तर तो जपा, आणि चालू आहे तोवर पेजमेकरच्या फाइली त्यातून इनडिझाइनमध्ये आणून ठेवा. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात असेल तर तेवढ्याने भागत नाही. तो मजकूर म्हणजे आतून रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा, वर फॉन्टाचा मुखवटा चढवलेला. मुखवटा काढला की 'महाराष्ट्र'चं काहीही होतं. कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड करावा लागतो आणि नंतर प्रूफ वाचावंच लागतं. रफार आणि जोडाक्षरं हमखास दगा देतात.

सीएस६ वरच राहिलो तर चालेल का?

अजून बऱ्याच जणांचं चाललंय. मराठीच्या दृष्टीने तो वाईट नाही. देवनागरी युनिकोड नीट जुळवणारा 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांसाठी सीएस६ मध्येच आला. तो चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि लोक फॉन्टाला शिव्या देतात. स्क्रिप्ट्सच्या यादीत भारतीय भाषांसाठीची 'इंडिक प्रेफरन्सेस' नावाची स्क्रिप्ट असते. ती एकदा चालवली की काम होतं.

मॅकवाल्यांचं अवघड आहे. ऑक्टोबर २०१९ च्या कॅटालिनापासून अॅपलने ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणं बंद केलं, आणि सीएस६ चे बरेच भाग ३२-बिट. जुनं मॅक जुन्या सिस्टिमवर ठेवायचं किंवा विंडोजवर यायचं.

दुसरीकडे, भाडं भरणाऱ्यांनाही जुनं सगळं मिळतच राहतं असं नाही. टाइप १ जातीचे पोस्टस्क्रिप्ट फॉन्ट आठवतात? फोटोशॉपने ते २०२१ मध्ये सोडले, इनडिझाइनने जानेवारी २०२३ मध्ये. त्या फॉन्टातली जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडली की 'फॉन्ट मिसिंग', जरी फॉन्ट तुमच्या डिस्कवर असला तरी. २०२२ च्या अखेरीस पँटोन रंगांचंही (छपाईसाठी नंबर देऊन ठरवलेल्या रंगांचं) तसंच झालं. अॅडोबी आणि पँटोन यांचं फिसकटलं, रंगांची पुस्तकं सॉफ्टवेअरमधून निघाली, ती हवी तर पँटोनला वेगळं भाडं. काही जणांनी जुन्या फोटोशॉप फाइली उघडल्या तर पँटोनचा रंग होता तिथे काळं! स्पॉट कलरवर, म्हणजे अशा तयार शाईच्या रंगांवर, पोट असलेल्या प्रेसवाल्याला हे सांगून बघा. सीएस६ वर अडून बसलेल्यांना यातलं काही जाणवलंसुद्धा नाही.

भाड्यात निदान जुनी आवृत्ती वापरायची मुभा आहे का?

मर्यादित. मे २०१९ पर्यंत बऱ्याच मागच्या आवृत्त्या उतरवून घेता यायच्या. मग कंपनीने जाहीर केलं की आता फक्त शेवटच्या दोन मुख्य आवृत्त्या मिळतील. शिवाय जुन्या वापरणाऱ्यांना मेल गेले, की तुमचा त्या आवृत्तीचा परवाना उरलेला नाही, वापरत राहिलात तर तिसरा कोणी दावा करू शकतो. त्या सुमारास आवाजाचं तंत्रज्ञान बनवणाऱ्या डॉल्बीने अॅडोबीवर खटला भरला होता, त्यामुळे लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला. पैसे वेळेवर भरणारा, खरा परवाना असलेला माणूस, आणि त्याला चोरासारखं पत्र.

इंटरनेट नसेल तर सॉफ्टवेअर बंद पडतं?

लगेच नाही. काम कॉम्प्युटरवरच होतं, नावात 'क्लाउड' असलं तरी. पण परवाना खरा आहे का हे मधून मधून ऑनलाइन तपासलं जातं. वार्षिक योजनेत जास्तीत जास्त ९९ दिवस इंटरनेटशिवाय जातात.

'रद्द करा' म्हटलं तर दंड दाखवतंय. हे काय?

तुम्ही 'महिना इतके इतके' वाचून घेतलं असणार. त्या बहुतेक योजना वर्षाच्या कराराच्या असतात, फक्त हप्ता मासिक. पहिल्या १४ दिवसांत सोडली तर पैसे परत. नंतर सोडली तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मी रक्कम. खरोखर महिन्या-महिन्याची योजना वेगळी असते आणि तिचा दर चढा असतो. घेताना दोन्ही ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचा.

हा दंड नीट सांगितला जात नाही आणि रद्द करायची वाट मुद्दाम अवघड ठेवली आहे, असा आरोप करून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून तिथल्या न्याय विभागाने १७ जून २०२४ रोजी अॅडोबी आणि तिच्या दोन अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रार दाखल केली. कंपनीने आरोप नाकारले. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार आहेत आणि 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' हा त्यातला एक: घ्यायला एक क्लिक, सोडायला चक्रव्यूह. कोणत्याही कंपनीने असं केलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या नंबरवर, तक्रार करता येते. स्क्रीनशॉट काढून ठेवा, तोंडी सांगितलेल्याला किंमत नसते.

कार्डात पैसे आहेत, तरी रिन्यूअल का अडतं?

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या रकमेसाठी आधी तुमची संमती नोंदवलेली लागते, आणि पैसे जाण्याआधी किमान २४ तास बँकेने कळवावं लागतं. १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम त्यानंतर आपोआप जाते (आधी ही मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढली). त्याच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी. वर्षाचं पूर्ण भाडं एकदम भरणाऱ्यांची रक्कम सहज त्या वर जाते.

लोक या नियमाला नावं ठेवतात. मला तो आवडतो. २४ तासांचा तो मेसेज हीच तुमची 'सोडू की ठेवू' ठरवायची वेळ. फक्त तो मेसेज ज्या मोबाइलवर येतो तो नंबर मालकाचा असू द्या, सोडून गेलेल्या ऑपरेटरचा नको. कंपनीच्या खात्याला जोडलेला ईमेलही तसाच. परवाना ज्याच्या ईमेलवर, सॉफ्टवेअर त्याचं, बिल कोणीही भरलेलं असो.

जीएसटी, घसारा वगैरे?

सॉफ्टवेअरवर जीएसटी १८ टक्के, विकत घ्या नाहीतर भाड्याने. नोंदणी असेल तर खात्यात जीएसटी क्रमांक टाकायला विसरू नका, नाहीतर इनपुट क्रेडिट जातं. डब्याचा परवाना भांडवली खर्चात धरून संगणकाबरोबर तेव्हाच्या ६० टक्के दराने घसारा काढायचे. भाडं सरळ त्या वर्षीच्या खर्चात पडतं. बाकी तुमच्या सीएला विचारा.

सगळे 'क्रॅक'वरच चालवतात. आम्हीच का भरायचं?

सगळे नाही, पण बरेच, हे खरं आहे. मी पोलीस नाही. दोन गोष्टी सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं हाच गुन्हा आहे: ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. विकणारा वेगळा, वापरणाराही सुटत नाही. आणि दुसरं, जे 'क्रॅक' चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतं, ते कॉम्प्युटरवर आणखी काय काय आणून ठेवतं याची चौकशी कोणी करत नाही. त्याच मशीनवर बँकेचं लॉगिन असतं.

याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक चांगली गोष्टही आहे. रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप प्रत करून ठेवणं हा गुन्हा नाही.

हे फक्त अॅडोबीच करते का?

छे. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने बहुतेक सुट्या सॉफ्टवेअरचे कायमचे परवाने ३१ जानेवारी २०१६ नंतर विकणं थांबवलं. जुन्या परवान्यांवर वर्षाची देखभाल घेणाऱ्यांचे दर मग चढत गेले आणि २०२१ मध्ये ती योजनाच संपवली. सर्व्हरसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरचं तर आणखी तडकाफडकी झालं. ब्रॉडकॉमने कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ताब्यात घेतली आणि डिसेंबरात कायमचे परवाने बंद. सर्व्हर सांभाळणाऱ्यांची ती नाताळची सुट्टी कोटेशनं मागवण्यात गेली असणार. मायक्रोसॉफ्ट दोन्ही डगरींवर आहे. एकरकमी ऑफिस २०२४ मिळतं, पण दुकानात पुढे केलं जातं ते ३६५.

मधली वाटही आहे. प्रोग्रॅमरांची साधनं बनवणाऱ्या जेटब्रेन्सने २०१५ मध्ये भाड्याची घोषणा केली, गिऱ्हाइकं खवळली, तेव्हा त्यांनी नियम बदलला: १२ महिने भाडं भरलंत तर त्यातली एक आवृत्ती कायमची तुमची, पुढे भरा न भरा. आणि आपल्या ओळखीचं म्हणजे हिशेबाचं टॅली. परवाना एकदा घ्यायचा, टीएसएस (नव्या आवृत्त्या आणि सेवांची वर्गणी) दरवर्षी. टीएसएस संपलं तर नव्या आवृत्त्या आणि ऑनलाइन सेवा थांबतात, पण जुनी वही उघडते. भाड्याने घेणाऱ्याला टॅली तीही सोय देतं. वही उघडते की नाही, एवढ्या एका कसोटीवर मी कोणतीही योजना तपासतो.

कंपनी उद्या अचानक खातं बंद करू शकते का?

ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या आदेशाकडे बोट दाखवून अॅडोबीने व्हेनेझुएलातल्या सगळ्यांची खाती बंद करण्याचं जाहीर केलं होतं. महिना संपायच्या आत परवानगी मिळाली आणि निर्णय फिरला. पण ते दोन-तीन आठवडे तिथल्या डिझायनरांनी कसे काढले असतील, कल्पना करा. त्यांनी भाडं थकवलं नव्हतं.

पर्याय कोणते?

मांडणीसाठी स्क्राइबस: मुक्त आणि फुकट. १.६ ही स्थिर आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली आणि देवनागरी जुळवणी आता त्यात होते. सवयीला वेळ लागतो. इलस्ट्रेटरच्या जागी इंकस्केप, फोटोशॉपच्या जागी गिंप. कोरेलड्रॉ लग्नपत्रिका-फ्लेक्सवाल्यांकडे आहेच, आणि ते बराच काळ एकरकमी आणि भाड्याने अशा दोन्ही प्रकारे विकलं गेलंय. अॅफिनिटी एकरकमी मिळायचं. मार्च २०२४ मध्ये कॅनव्हाने ते घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून फुकट केलं, पण कॅनव्हाचं खातं लागतं. फुकटचं घर, किल्ली मात्र त्यांच्याचकडे.

कोणताही पर्याय निवडण्याआधी एक परिच्छेद टाकून बघा ज्यात 'वऱ्हाड', 'दुसऱ्यांच्या', 'राष्ट्र', 'कर्तृत्व', 'हृदय', 'ऊर्ध्व' हे शब्द आहेत. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श येतो का तेही बघा. मग त्याची पीडीएफ काढून ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. निम्मे पर्याय इथेच गळतील, आणि तुमचे दोन दिवस वाचतील.

तुमचं मत? भरू की नको?

रोज रंगीत मासिक, पॅकेजिंग, बाहेरच्या एजन्सीची कामं असतील तर भरा, त्यांच्या फाइली तुम्हाला उघडाव्याच लागतात. वर्षाला सहा पुस्तकं काढणाऱ्याने सगळ्या सॉफ्टवेअरांची मोठी योजना घेऊ नये. एकटं इनडिझाइन पुरतं, आणि कामं सलग लावून घेतली तर वर्षातले काही महिनेच पुरतं. दोन ऑपरेटर असतील तर दोघांनाही सगळं कशाला?

माळ्यावर सीएस६ ची मूळ डीव्हीडी सापडलीय. टाकून देऊ का?

अजिबात नाही. सिरियल नंबर डब्याच्या आत किंवा मागे असतो, त्याचा फोटो काढा. डीव्हीडीची प्रत हार्डडिस्कवर करा, डीव्हीडीला बुरशी लागते, आपल्या पावसाळ्यात तर लागतेच. कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या खात्यात तो नंबर नोंदलेला आहे का बघा, नसेल तर नोंदवा. मग एक सुस्थितीतलं विंडोज मशीन निवडून त्यावर इन्स्टॉल करा आणि ते मशीन गेम खेळायला घरी नेऊ नका. आणि हो, आधी पेजमेकरच्या फाइली काढा.